रपट्यावरची सरळ रेघ

पवन स्ट्रेचरवर उघड्या अंगानं पडला होता आणि मोनाली त्याच्या छातीवर हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मशीनच्या चकत्या चिकटवत होती. दोघंही ग्रामीण रुग्णालयाच्या अ‍ॅम्ब्युलन्स गाडीवर नवीन. तो ड्रायव्हर, आणि ती पेशंटजवळ मागे बसणारी, कोर्स करून आलेली. वीज गेलेली होती, फोन आलेला नव्हता, आणि सोमवारी मोनालीला साहेबांसमोर हे काम करून दाखवायचं होतं.

"लाल उजव्या खांद्याखाली, पिवळी डाव्या खांद्याखाली, हिरवी डावीकडे, बरगड्या संपतात तिथी," ती पाठ केल्यासारखं म्हणत होती. "सिग्नलसारखं. लाल, पिवळा, हिरवा."

"आपल्या तालुक्यात सिग्नल तरी आहे का वो? चौकात एक म्हैस उभी राहते, तोच आपला सिग्नल."

"हालू नको. तुले दिल हाये का नाई, तेच मशीनले समजून नाई राह्यलं."

"ते मी मार्कंड्याच्या जत्रेत देऊन बसलो एकीले."

व्हरांड्यात उलट्या क्रेटवर गोपालभाऊ बसले होते. बावीस वर्षं त्यांनी याच दवाखान्याची गाडी चालवली. मागच्या साली निवृत्त झाले, पण घरी झोप येत नाही म्हणून रात्री इथेच येऊन बसायचे.

"पुसलीस का?" त्यांनी विचारलं.

"काय, भाऊ?"

"त्याची छाती. घाम पुसलीस का?"

"थोडासाच तर घाम हाये. चिकटली ना चकती."

गोपालभाऊ उठले. त्यांनी हिरव्या चकतीच्या कडेखाली नख घातलं. पाण्यावरचं पान उचलावं तशी ती अलगद वर आली. पवन "आई गं" म्हणायला तयार होता, पण त्याला काही लागलंच नाही.

"चांगली चिकटली असती तर हा बोंबलला असता," गोपालभाऊ म्हणाले. "तुमाले अंकुशची गोष्ट कोणी सांगतली नाई वाटते."

"कोण अंकुश?"

"तुह्याच जागेवर होता. आता गडचांदूरकडे राहते. सिमेंटच्या ट्रकावर ताडपत्र्या बांधते. माणसाच्या अंगाले हात लावत नाई. सोताच्या पोरीले ताप आला तरी बायकोले म्हणते, तूच पाय."

पवन उठून बसला. मोनालीनं हातातल्या तारा बाजूला ठेवल्या.

"यातलं अर्धं मले अंकुशनं सांगतलं," गोपालभाऊ म्हणाले, "पाव श्रावणनं. आन पाव मी याच जागी उभा राहून पाह्यलो. ज्याले खोटं वाटन त्यानं आताच उठून जावं. मंग मधात उठू नका."

कोणी उठलं नाही.

*

ती रात्र होती पंचवीस ऑगस्ट दोन हजार बावीसची. गुरुवार. दुसऱ्या दिवशी पोळा होता, म्हणजे अमावस्या लागायची होती आणि आभाळात चंद्राची कोर सुद्धा नव्हती. दिवसभर झड लागलेली. संध्याकाळी जरा उघडलं.

अंकुश आणि ड्रायव्हर श्रावण गाडीतले दोन ऑक्सिजनचे सिलिंडर भरून आणायला जिल्ह्याला गेले होते. काम साधंच होतं. सिलिंडर मिळाले, सह्या झाल्या. परतताना श्रावणनं बाजारात गाडी थांबवून आपल्या बैलांसाठी बेगड आणि दोन नव्या वेसणी घेतल्या. अंकुश चिडवत होता, "बायकोले काही घेतलं का?" श्रावण म्हणाला, "बायकोले वेसण घालता येत नाई, म्हणून बैलाले घालतो." असं हसत खेळत ते येत होते.

नऊ चाळीसला फोन आला. गिरोलटोल्याला एक माणूस छाती धरून बसला आहे. वय पंचेचाळीस.

गिरोलटोला जंगलातलं गाव. दवाखान्यापासून वीस किलोमीटर. गावापासून सहा किलोमीटरवर नाला आहे आणि नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. ठेंगणा, सिमेंटचा. वरती पाऊस झाला की पाणी रपट्यावरून वाहतं आणि मग ते उतरेपर्यंत अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे. त्यांनी जाताना रपटा ओलांडला तेव्हा पाणी काठाला लागलं होतं. श्रावण म्हणाला, "अर्ध्या तासात नाई परतलो तर पोळा इथीच."

दहा वीसला ते झिंगूच्या अंगणात पोचले.

झिंगू धान लावणारा साधा माणूस. पोळ्याच्या आदल्या रात्री बैलांचे खांदे शेकतात, ते तो शेकत होता. गरम तेल, हळद, पळसाच्या पानानं चोळायचं आणि बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. एका बैलाला आवतण देऊन झालं होतं. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच खाली बसला.

घाबरलेल्या माणसांना जे सुचतं ते गावानं केलं. बैलांसाठी गरम केलेलं तेल तिथेच होतं. मोहाच्या बियांचं तेल, त्यात हळद कालवलेली. तेच त्यांनी झिंगूच्या छातीला चोळलं. चांगलं भरपूर चोळलं. अंकुशनं बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा झिंगूची छाती पितळेच्या परातीसारखी चमकत होती.

"बैलाचं औषध मलेच लावलं, डाक्टर," झिंगू म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता. "उद्या नांगराले मलेच जुंपतीन."

"बोलू नका हो," त्याची बायको रंभाबाई म्हणाली.

अंकुश डॉक्टर नव्हता. पण खेड्यातली माणसं गाडीतून उतरणाऱ्याला डॉक्टरच म्हणतात आणि अशा वेळी कोणी दुरुस्त करत बसत नाही. त्यांनी झिंगूला गाडीत घेतलं. रंभाबाई त्याच्या डोक्याशी बसली. अंकुशनं ऑक्सिजन लावला, गोळी दिली आणि मशीन काढलं.

अंकुशला काम येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. त्याला सगळं येत होतं. अंगाला तेल असलं तर आधी स्पिरिटनं काढायचं. मग कोरड्या कापडानं जागा घासायची. केस असले तर तेवढ्यापुरते कापायचे. हाडावर लावायचं नाही, मऊ जागी लावायचं. चकतीच्या कडा बोटानं गोल दाबायच्या, मधोमध दाबायचं नाही, तिथला चिकट लेप पसरतो. सगळं मिळून दीड मिनिटाचं काम.

पण बाहेर थेंब पडायला लागले होते आणि श्रावण समोरून ओरडत होता, "आवर गा, पाणी वाढन!"

अंकुशनं झिंगूच्या छातीवरून एकदा हात फिरवला आणि चकत्या लावल्या. लाल, पिवळी, हिरवी. जागा बरोबर होत्या. मशीनवर रेघ आली. खाली, वर, टोक, खाली. टीक... टीक... टीक. नियमित नव्हती, मधूनच एखादा ठोका चुकत होता, पण होती.

त्यानं वरून चादर ओढली आणि श्रावणला म्हणाला, "चाल."

दीड मिनिट त्यानं वाचवलं होतं.

*

"मंग?" पवननं विचारलं.

"मंग रस्ता," गोपालभाऊ म्हणाले. "तो रस्ता तू पाह्यला नाई अजून. पोटातलं पाणी बी गोठ्यातल्या वासरासारखं उड्या मारते."

*

झिंगू सुरुवातीला बोलत होता. दुसऱ्या बैलाला आवतण द्यायचं राहिलं, तो रुसेल, असं काहीतरी रंभाबाईला सांगत होता. ती म्हणाली, "सकाळी येऊन द्या." तो म्हणाला, "सकाळी चालत नाई वो." मग त्याचे डोळे मिटले. श्वास वर वर चालला होता. गाडी खड्ड्यातून खड्ड्यात जात होती आणि चादरीखाली काय होतंय ते दिसत नव्हतं.

दहा पन्नासला ते रपट्यावर पोचले. रपटा नव्हता. जिथे रपटा असायला पाहिजे तिथे पाणी होतं, आणि पाण्याचा आवाज.

श्रावणनं ब्रेक मारला. गाडी एक हिसका खाऊन थांबली. आणि मागे मशीन ओरडायला लागलं.

अंकुशनं पाहिलं. रेघ सरळ झाली होती.

आता नवीन मशीन आहे, तार सुटली तर तसं लिहून दाखवते. तेव्हाचं मशीन जुनं होतं. तार सुटली तरी सरळ रेघ आणि माणूस गेला तरी सरळ रेघ. म्हणून तर शिकवतात, रेघ सरळ झाली की आधी माणसाकडे पाहा. हाक मारा. श्वास पाहा. मानेची नाडी पाहा, दहा मोजेपर्यंत पाहा. नाडी नसेल तर छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला सांगा, तारा बघ.

अंकुशनं झिंगूचं मनगट धरलं. इंजिन चालू होतं, गाडी थरथरत होती. त्या थरथरीत त्याला काही लागलं नाही. त्यानं मानेला हात लावला नाही. चादर वर केली नाही. तो सव्वीस तासांपासून ड्यूटीवर होता. फोनला रेंज नव्हती. समोर नाला होता. तो मशीनकडे पाहत राहिला.

रंभाबाईनं विचारलं, "गेले का?"

माणूस मेला असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही. तो डॉक्टरचा. हे अंकुशला माहीत होतं.

तो म्हणाला, "गेले बाई."

घड्याळात दहा बावन्न झाले होते.

ती रडली नाही. नवऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, ती त्याच्या केसातून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग दवाखान्यात कायले नेता? चिरफाड करतीन. उद्या पोळा हाये. घरी न्या."

श्रावणनं अंकुशकडे पाहिलं. अंकुशनं मान हलवली. गाडी फिरली.

*

अकरा वीसला गाव रस्त्यावर उभं होतं. गाडी लवकर परत आली म्हणजे काय ते गावाला कळतं. चार गड्यांनी झिंगूला चादरीसकट उचललं आणि सपरीत, घरापुढच्या ओसरीत, ठेवलं. बायांनी गळा काढला. दोघं तिघं बांबू तोडायला निघाले सुद्धा. रंभाबाई उशाशी बसली.

अंकुश आणि श्रावण निघाले. पाणी उतरेपर्यंत रपट्यावर थांबायचं आणि उतरलं की दवाखान्यात जायचं, एवढंच हातात होतं.

रपट्याजवळ गाडी लावून श्रावण पुढे बसून बिडी ओढत होता. अंकुश मागे आवराआवर करायला लागला. तारा गुंडाळायला घेतल्या आणि त्याच्या लक्षात आलं, झिंगूच्या अंगावरून चकत्या आपण काढल्याच नाहीत. उचलताना त्या आपोआप मागे राहिल्या होत्या. स्ट्रेचरच्या कडेला लोंबत होत्या.

त्यानं एक उलटी करून पाहिली.

चिकट बाजूला पिवळा थर होता. तेल आणि हळद. त्यानं दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. तिन्ही तशाच.

झिंगूच्या छातीवर दाट केस होते. छातीला चिकटलेली चकती निघते तेव्हा चार केस तरी घेऊन निघते. तिन्ही चकत्यांवर एकही केस नव्हता.

त्या कधीच सुटल्या होत्या. कदाचित ब्रेक लागला तेव्हाच.

ती रेघ झिंगूची नव्हती.

अंकुशनं तिन्ही चकत्या हातात धरल्या. मग तो म्हणाला, "श्रावणभाऊ."

"हं."

"गावात परत चाल."

"काऊन?"

अंकुशनं सांगितलं. श्रावणची बिडी विझली. त्यानं ती पुन्हा पेटवली नाही.

"आता जाऊन काय सांगशीन?" तो म्हणाला. "चूक झाली, थोडं थांबा, जिता हाये का पाहतो? तिथी काठ्या तोडून ठेवल्या आहेत, अंकुश. तिरडीसाठी तोडल्या, आपल्याले बी पुरतीन."

"पण भाऊ..."

"जिता असता तर घरच्या लोकाले समजलं नसतं का? बायको उशाशी हाये. समजलं नसतं का?"

अंकुशला वाटलं, हो, समजलं असतं. त्याला तसं वाटून घ्यायचं होतं. सहा किलोमीटर होते फक्त. त्यानं तारा गुंडाळून हुकाला लावल्या. मशीन बंद केलं. हिरवा दिवा विझला तो त्यानं स्वतः पाहिला.

साडेबारा झाले.

बाराला पस्तीस कमी... नाही, बारा पस्तीस. हे सांगताना अंकुश इथे नेहमी अडखळायचा. बारा पस्तीसला श्रावण म्हणाला, पाणी उतरून राह्यलं. रपट्याची कड दिसायला लागली होती. त्यानं इंजिन चालू केलं.

आणि मागे आवाज आला.

टीक.

*

मोनाली पवनच्या जवळ सरकली. गोपालभाऊंनी आपला आवाज खाली आणला.

*

टीक... टीक... टीक.

अंकुशनं मान वळवली. मशीन चालू होतं. पडद्यावर रेघ होती. खाली, वर, टोक, खाली. मधूनच एक ठोका चुकत होता.

तशीच. तिथेच चुकणारी.

त्यानं हुकाकडे पाहिलं. तारा हुकाला नव्हत्या.

तारा स्ट्रेचरवर होत्या. पण पडलेल्या नव्हत्या. तार मोकळी असली की लोंबते, वेटोळं होते. या तारा ताणलेल्या होत्या. एक उजवीकडे वर. एक डावीकडे वर. एक डावीकडे खाली. गादीपासून वीतभर उंचावर तीन चकत्या हवेत थांबल्या होत्या.

छातीवर असतात तशा.

आणि त्या वर खाली होत होत्या. हळू. श्वासासारख्या.

"श्रावणभाऊ..."

श्रावणनं आरशात पाहिलं. मग आरसा वरच्या बाजूला फिरवून टाकला. पुन्हा पाहिलं नाही.

"गाडी फिरवू?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता. "गावाकडे फिरवू का?"

इथे अंकुशनं जे ठरवलं ते ठरवलं. तो मला पुढे कितीदा तरी म्हणाला, भाऊ, मी त्या वेळी एवढंच पाहिलं, पेशंट गाडीत आहे. पेशंट गाडीत आहे तर गाडी दवाखान्यात जाते. हेच शिकलो होतो.

"फिरवू नको," तो म्हणाला. "दवाखान्यात ने. जोरात ने."

गाडी रपट्यावरून गेली. चाकाखाली पाणी कापत गेली. गाव मागे राहिलं. सपरीतला माणूस मागे राहिला.

*

पलीकडे चौदा किलोमीटर. दोन्ही बाजूला सागाचं जंगल.

अंकुश त्या ताणलेल्या तारांसमोर बसून होता. त्यानं ऑक्सिजनचा मास्क हातात घेतला. कुठे धरायचा ते त्याला समजेना. मग जिथे तोंड असायला पाहिजे तिथे धरला. मास्कच्या आतल्या बाजूला वाफ आली. गेली. आली.

"झिंगूभाऊ," तो म्हणाला. "ऐकू येते का?"

काही नाही. टीक... टीक.

"पोचतोच आता. दहा किलोमीटर राह्यले."

टीक... ... टीक.

"आठ राह्यले, भाऊ."

ठोके लांबत चालले. तो श्रावणला ओरडला. श्रावण आधीच गाडी होती तेवढी पळवत होता.

टीक...

...

टीक...

एक वाजून बारा मिनिटांनी रेघ सरळ झाली.

या वेळी अंकुशनं मशीनकडे पाहिलं नाही. आधी तारा पाहिल्या. तिन्ही जागेवर. ताणलेल्या. तो ओरडला, "झिंगूभाऊ! झिंगूभाऊ!" मग मान असते तिथे त्यानं दोन बोटं नेली. बोटं थांबली. काहीतरी होतं तिथे. गरम. तेलकट.

त्यानं दहा मोजले.

नाडी नव्हती.

मग तो उठला. हाताची टाच चकत्यांच्या मधोमध ठेवली, दुसरा हात त्यावर, कोपर सरळ. दाबलं.

एक. दोन. तीन. चार.

त्याचे हात गादीपर्यंत पोचत नव्हते. वीतभर वर अडत होते. दबत होते. परत वर येत होते. आत काहीतरी कट् वाजलं. बरगडी अशीच वाजते. दाबण्यात चूक नसली तरी वाजते. तो थांबला नाही.

पंधरा. सोळा. सतरा.

*

"एक वीसला गाडी या फाटकातून आत आली," गोपालभाऊ म्हणाले. "त्या रात्री दुसऱ्या गाडीवर माही ड्यूटी होती. मीच मागचं दार उघडलो."

"काय दिसलं?" पवननं विचारलं. अगदी हळू.

"अंकुश. घामानं निथळून राह्यला होता. मोजून राह्यला होता. मी म्हटलो, अंकुश, कोण हाये? तो मोजतच राह्यला. त्याचे हात खाली जात, वर येत. गादीले लागत नव्हते. मी डोळे चोळलो. पुन्हा पाह्यलो. नव्हतेच लागत."

"तारा?"

"मी पायरीवर पाय ठेवला अन् तारा पडल्या. तिन्ही. एकाच वेळी. त्याचे हात सपकन गादीवर आदळले. तो तसाच दाबत राह्यला, रिकाम्या गादीले. डॉक्टरबाई आल्या, दोघांनी मिळून त्याले उतरवलं. बाईंनी विचारलं, पेशंट कुठी हाये? तो म्हणाला, आणला ना..."

आत वॉर्डात कोणीतरी खोकलं आणि पुन्हा शांत झालं.

*

पहाटे अंकुशनं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. चकत्या, तेल, रेघ, गेले बाई म्हटलेलं. फक्त रपट्यानंतरचं सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, ते लिहून द्यावं लागेल. तो म्हणाला, देतो, पण आधी त्या बाईला सांगून येतो. तिच्या तोंडावर सांगतो. मग काठ्या पडल्या तर पडू दे.

श्रावण सोबत गेला. त्याला जायची इच्छा नव्हती, पण गेला.

ते पोचले तेव्हा आठ वाजत होते. पोळ्याचा दिवस, पण गावात बैल बाहेर काढलेले नव्हते. झिंगूला आंघोळ घालून झाली होती. नवं कापड पांघरून तो सपरीत होता. माणसं अंगणात बसली होती. कोणी अंकुशवर हात उगारला नाही. उलट एक म्हातारा उठला आणि त्याला बसायला पाट दिला. म्हणाला, "रात्री पावसात आले, सकाळी पुन्हा आले. चांगले माणसं आहेत हे."

अंकुश बसला नाही. तो रंभाबाईसमोर जाऊन उभा राहिला. शब्द त्यानं वाटेत जुळवून ठेवले होते. बाई, रात्री माझी चूक झाली. एवढंच म्हणायचं होतं.

त्यानं तोंड उघडलं. पण ती आधी बोलली.

"डाक्टर, बरं झालं आले. एक विचाराचं होतं. गड्यांनी आंघोळ घातली, त्यांनी मले बलावलं. मी पाह्यली, पर मले समजलं नाई."

तिनं झिंगूच्या छातीवरचं कापड बाजूला केलं.

तेल धुतलं गेलं होतं. हळदीचा पिवळेपणा तेवढा राहिला होता. आणि त्या पिवळ्यावर, दोन्हीकडच्या बरगड्यांच्या मधोमध, हाडावर, एक डाग होता. काळानिळा. हाताच्या टाचेएवढा. सुजलेला. कडेला लालसर.

असा डाग जितं रक्त फिरत असेल तरच उठतो. मेलेल्या अंगावर उठत नाही. अंकुशला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

श्रावण मागच्या मागे अंगणात उतरला.

"गाडीत मी डोक्याशीच होती," रंभाबाई म्हणाली. "तुम्ही तं छाती दाबली नाई. घरी आणल्यावर मी रातभर उशाशी होती. कोणालेच हात लावू दिली नाई."

ती अंकुशच्या तोंडाकडे पाहत होती. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. खरंच विचारत होती.

"मंग यायले कोण दाबलं, डाक्टर?"